रोज अडीचशे मिली

बाइंडरच्या दुकानात शिरलं की आधी खळीचा वास येतो. ओल्या पिठाचा, किंचित आंबूस. मग हळूहळू पुठ्ठ्यांची चळत दिसते, कापडाचे गुंडाळे दिसतात, कोपऱ्यातला पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा दिसतो. आणि दुकानात दुसरं कोणी नसलं, बाइंडरही गप्प असले, तर एक बारीक टिकटिक ऐकू येते. नवा माणूस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. ते घड्याळ कधीपासून बंदच आहे. टिकटिक बाइंडरच्या छातीत आहे. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली, तिची.

"मला चावी द्यावी लागत नाही, मास्तर," ते म्हणायचे. "नुसती एक गोळी. ती घेतली की गाडी चालू."

ती गोळी रक्त पातळ ठेवायची. रक्त घट्ट झालं तर झडपेवर गुठळी धरते, फार पातळ झालं तर कुठेही वाहू लागतं. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं आणि येणारा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा. बाइंडरनी त्यासाठी एक वही स्वतः बांधली होती, निळ्या कापडाची. तारीख, आकडा, गोळी. सुईदोरा आणि सुरी हातात घेऊन पोट भरणाऱ्या माणसाला आपलं रक्त किती पातळ आहे हे माहीत असलेलं बरं, असं ते हसत म्हणत.

मला ते मास्तर म्हणतात, पण मी मास्तर नव्हतो. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. नळ्या धुवायच्या, आम्ल मोजून द्यायचं, काय फुटलं त्याची यादी करायची. चौतीस वर्षं तेच केलं. वाचनालयातली फाटकी पुस्तकं बाइंडरकडे पोचवायचं काम कोणालाच नको असायचं म्हणून माझ्याकडे आलं, आणि त्यातून आमची ओळख झाली. पुस्तकं द्यायला पाच मिनिटं लागायची, मी तासभर बसायचो. त्यांना बोलायला आवडायचं आणि मला बोलावं न लागलं तर बरं वाटायचं, त्यामुळे आमचं छान जमलं.

त्यांची एक पद्धत होती. जुन्या पुस्तकातलं एखादं पान हरवलेलं असलं तर ते तिथे त्याच मापाचं कोरं पान शिवायचे आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं त्या पानाचे आकडे घालायचे. दुसरे बाइंडर असं करत नाहीत. पान नाही तर नाही, मागचंपुढचं जुळवून शिवून टाकतात. मी एकदा विचारलं, "एवढा खटाटोप कशाला? कोणाच्या लक्षात येणार आहे?"

"वाचणाऱ्याच्या. बेचाळीसवरून एकदम पंचेचाळीसवर आला की त्याला वाटतं, आपलंच डोकं चालत नाही. दहा वेळा मागेपुढे करतो बिचारा. त्यापेक्षा सांगून टाकावं, बाबा रे, इथलं पान गेलंय. तुझा दोष नाही."

हे मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

निवृत्त झाल्यावर माझं पोट बिघडलं. दात बरेचसे गेलेले, भाज्या चावता येईनात. तेव्हा मी मिक्सरमधून रस काढायला लागलो. पालक, कोबीची बाहेरची हिरवी पानं, काकडी, आल्याचा तुकडा. निरोप समारंभात शाळेनं मला शाल दिली होती आणि विज्ञानाच्या बाईंनी गमतीनं काठाला टवका गेलेलं एक काचेचं मोजपात्र दिलं होतं. शाल कपाटात गेली, मोजपात्र स्वयंपाकघरात आलं. रोज सकाळी बरोबर अडीचशे मिली. पंधरा दिवसांत पोट सुरळीत झालं.

बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींना हे कळलं आणि ते मला विचारायला लागले. काकडी सालासकट का? पालक कच्चा चालतो का? उपाशीपोटी की खाऊन? मला आयुष्यात कोणी काही विचारलं नव्हतं. विचारलंच तर प्रयोगशाळेची किल्ली कुठे आहे, एवढंच. आता चार माणसं बाकावर बसून मी काय सांगतो ते ऐकत होती. मीही सांगत सुटलो. रक्त शुद्ध होतं म्हणालो, सांधे सुटतात म्हणालो. कुठे वाचलं होतं की माझ्या मनचंच होतं, आज सांगता येणार नाही. बायको म्हणायची, "अहो, पोट साफ झालं तेवढंच सांगा की. डॉक्टर कधीपासून झालात?" मला राग यायचा.

त्या हिवाळ्यात बाइंडर जरा थकल्यासारखे दिसत होते. एका सकाळी मी थर्मास घेऊन दुकानात गेलो.

"हे काय? शेवाळं?"

"प्या. महिन्याभरात फरक बघा."

त्यांनी वास घेतला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एका दमात पिऊन टाकला. "तुम्ही शास्त्रज्ञ माणूस, मी काय बोलणार," असं म्हणून मिशी पुसली. त्या दिवसापासून रोज सकाळी नऊला मी थर्मास घेऊन जायचो. रविवारी दुकान बंद असलं तर घरी. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या थर्मास धुऊन परत द्यायच्या आणि म्हणायच्या, "सख्खा भाऊ करणार नाही इतकं करता तुम्ही." मी मान खाली घालायचो, पण आतून फुलून यायचो.

महिन्याभरात फरक पडला. आकडा एक पूर्णांक आठवर आला.

डॉक्टर बाईंनी गोळी वाढवली. पुढच्या महिन्यात आकडा आणखी खाली. त्या वेळी वहिनींचा गुडघा धरला होता म्हणून मी बाइंडरबरोबर दवाखान्यात गेलो होतो. बाईंनी निळी वही उलटसुलट पाहिली. "गोळी चुकत नाही ना?"

"अकरा वर्षांत चुकली नाही."

"खाण्यात काही बदल? पालेभाज्या जास्त वगैरे?"

बाइंडरनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. समोर भिंतीवर हृदयाचं चित्र होतं, लाल आणि निळ्या नळ्यांचं. मी त्या चित्राकडे बघत बसलो.

"नाही हो," बाइंडर म्हणाले. "जेवण तेच. घरात जे शिजतं ते."

बाईंनी गोळी पुन्हा वाढवली. बाहेर आल्यावर बाइंडर म्हणाले, "रसाचं मुद्दाम नाही बोललो. बाई तुमच्यावर घसरल्या असत्या. आणि रसानं काय होतंय, भाजीच तर आहे."

"हो ना," मी म्हणालो.

तेव्हा मला नक्की काही माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण माहीत नसलेला माणूस चित्राकडे बघत नाही. तो सरळ म्हणतो, बाई, आम्ही रोज पालकाचा रस घेतो, चालेल ना? एवढं एक वाक्य होतं. मला वाटलं, बाई हसतील. बाइंडरच्या देखत म्हणतील, कोणी सांगितलं तुम्हाला हे उद्योग करायला?

तिसऱ्या महिन्यात वाढलेल्या गोळीनं आकडा जागेवर आला. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि रस चालूच ठेवला.

नंतर एकदा बायकोचे डोळे दाखवायला त्याच दवाखान्यात गेलो होतो. ती आत होती. बाहेर बाकावर कोणीतरी एक छापील कागद विसरून गेलं होतं. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांसाठी सूचना. सहावी सूचना मला आजही पाठ आहे. पालक, कोबी यांसारख्या हिरव्या पानांच्या भाज्या किंवा त्यांचा रस यांचं प्रमाण एकदम वाढवू नका किंवा एकदम कमी करू नका. या भाज्यांनी गोळीचा परिणाम घटतो. बदल करायचा असल्यास आधी डॉक्टरांना सांगा.

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. बायको बाहेर आली आणि म्हणाली, "डोळे माझे तपासले, आणि चेहरा तुमचा उतरलाय."

मी तिलाही काही बोललो नाही. चार महिने मी माझ्या मित्राला त्याच्या औषधाच्या विरुद्ध काहीतरी पाजत होतो, आणि ते सांगायचं म्हणजे बाइंडरना, वहिनींना, डॉक्टर बाईंना, झालंच तर बागेतल्या बाकालाही सांगावं लागणार होतं. त्यापेक्षा गुपचूप बंद करावं, असं मी ठरवलं. विष द्यायचं थांबवलं की झालं, अशी माझी समजूत. 'वाढवू नका' हे मी वाचलं होतं तसं 'कमी करू नका' हेही वाचलं होतं. दोन्ही एकाच ओळीत होतं. पहिल्यानं घाबरलो आणि दुसरं माझ्या सोयीचं नव्हतं म्हणून मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं दुकानात गेलो.

"आज शेवाळं नाही?"

"मिक्सर बिघडला."

"मग असं सांगा ना! संध्याकाळी येतो बघायला."

झाली पंचाईत. मी घरी आलो, मिक्सरच्या पिनेचे स्क्रू काढले आणि आतली एक तार ओढून सोडवून ठेवली. चौतीस वर्षं प्रयोगशाळेतली उपकरणं सांभाळणाऱ्या हातांनी. संध्याकाळी बाइंडर आले, पीन उघडली, चष्मा वर सरकवून म्हणाले, "अहो शास्त्रज्ञ, नुसती तार निघालीय! हे तुम्हाला दिसलं नाही?" दोन मिनिटांत तार बसवून त्यांनी मिक्सर फिरवून दाखवला. बायको दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला सकाळीच मिक्सरवर चटणी वाटलेली आठवत होती.

मग मी म्हणालो की पालक चांगला मिळत नाही. मग म्हणालो, मीच बंद केलाय, दात आंबतात. तेव्हा बाइंडर खुर्चीत मागे टेकून खदाखदा हसले.

"सुटलो! मास्तर, आता सांगतो. नाक धरून पीत होतो मी. तुम्ही पाठ फिरवली की गूळ खायचो."

"मग सांगायचं नाही का?"

"कसं सांगणार? तुम्ही इतक्या मायेनं मोजून आणायचात."

ते हसत होते. मीही हसलो. अजूनही बोलता आलं असतं. कागद खिशातच होता.

पुढची तपासणी एकोणीस दिवसांवर होती. गोळी रसाच्या हिशेबानं वाढवलेली, आणि रस बंद. आठव्या दिवशी त्यांच्या दंडावर जांभळा डाग दिसला. "शिकंज्याचा दांडा लागला," म्हणाले. बाराव्या दिवशी दात घासताना रक्त आलं. "ब्रश नवा आहे." मी दोन्ही वेळा मान डोलावली. मनात म्हणत होतो, तपासणी जवळ आलीय, बाई आकडा बघतील, गोळी कमी करतील, आपोआप सगळं जुळून येईल. माझं नाव कुठे येणार नाही.

सतराव्या दिवशी सकाळी मी दुकानात बसलो होतो. ते एका जाड शब्दकोशाची शिलाई करत होते. बोलता बोलता सुई खाली पडली. त्यांनी उचलली, पुन्हा पडली. "च्यायला," असं काहीतरी म्हणाले, पण शब्द जिभेवरच घोटाळला. त्यांनी उजव्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता आणि चुकून त्यांच्या टेबलावर राहिला होता. दुकानात शांतता होती. टिकटिक व्यवस्थित चालू होती.

डोक्यात रक्तस्राव झाला होता. लहान आहे, वेळेत आणलंत, असं दवाखान्यात म्हणाले. आकडा सहाच्या वर गेला होता. डॉक्टर बाई निळी वही हातात धरून वहिनींना विचारत होत्या, "गेल्या दोनतीन आठवड्यांत काही बदललं का? नवीन औषध? जेवण? काहीही?"

"काही नाही हो," वहिनी रडत म्हणाल्या. "सगळं तेच आहे." रस बंद झाल्याचं त्यांच्या मनातही आलं नाही.

मी भिंतीला टेकून उभा होतो. या खेपेला भिंतीवर चित्र नव्हतं.

"रस," मी म्हणालो.

"काय?"

"पालकाचा आणि कोबीचा. मी देत होतो. चार महिने. सतरा दिवसांपूर्वी बंद केला."

"रोज? किती?"

"अडीचशे मिली."

"अंदाजे?"

"मोजून."

बाईंनी ते लिहून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. लिहिता लिहिता म्हणाल्या, "चालू राहिला असता तरी मी गोळी जुळवली असती, बंद केला तरी जुळवली असती. मला फक्त कळायला हवं होतं." आणि त्या आत गेल्या.

वहिनींनी डोळे पुसले. "बंद का केला?"

मी खिशातून कागद काढून दिला. घड्यांवर तो फाटायला आला होता. त्यांनी सहावी सूचना वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"हा कधी मिळाला तुम्हाला?"

"बंद केला त्याच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे सतरा दिवस तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही रोज आमच्याकडे येत होता. माझ्या हातचा चहा पीत होता."

त्यांनी कागदाची घडी घालून तो माझ्या हातात परत ठेवला.

"घरी जा भाऊजी," त्या म्हणाल्या. आवाज चढवून बोलल्या नाहीत.

बाइंडर बारा दिवसांनी घरी आले. बोलणं सुधारलं, चालणंही. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं मात्र आली नाहीत. म्हणजे आहेत, हलतात, पण त्यांत जोर नाही. सुई धरली जाते, दोरा ओढला जात नाही. शब्दकोश अर्धा शिवलेला शिकंज्यात तसाच राहिला.

मी गेलो नाही. बागेतही जायचं सोडलं. एक महिना झाला, दीड झाला. एका दुपारी बायको बाजारातून आली आणि पिशवी ठेवायच्या आत म्हणाली, "बाइंडर भेटले होते. विचारत होते, मास्तर जिवंत आहे का."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आहे, पण काही उपयोग नाही. उद्या दुकानात बोलावलंय. आणि हे बघा, मिक्सरची तार कशी निघाली ते मला तेव्हाच कळलं होतं. मी गप्प बसले, त्याचं माझं मला लागलंय. आता तुम्ही तोंड लपवून बसू नका."

गेलो. खळीचा वास नव्हता, खळ केलीच नव्हती. बाइंडर डाव्या हातानं टेबल पुसत होते. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"आत या. उजेड अडतोय."

बसलो. टिकटिक ऐकू येत होती. मी म्हणालो, "बाइंडर, माझ्यामुळे..."

"ते माहीत आहे," त्यांनी मध्येच तोडलं. "रसाचं मला काही वाटत नाही. मीही पीत होतो आणि मीही बाईंपासून लपवलं. पण तुम्ही मिक्सर मला दुरुस्त करायला लावलात, मास्तर. मी मनापासून तार बसवत होतो."



त्यांनी निळी वही पुढे सरकवली. मधोमध शिलाई उसवून एक कोरं पान आत घातलं होतं. डाव्या हातानं शिवलेलं, वाकडं, टाके सैल. त्यांच्या हातचं इतकं वाईट काम मी कधी पाहिलं नव्हतं. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं दोन तारखा होत्या, पहिल्या थर्मासची आणि ते पडले त्या दिवसाची.

"बाईंनी सांगितलंय, वही पूर्ण पाहिजे. पुढे कोणीही डॉक्टर बघेल, त्याला आकडे वाचून वाटेल की या माणसाचं रक्तच वेडं आहे. मला डाव्या हातानं एवढं लिहिता येत नाही. तुम्ही लिहा."

"किती लिहू?"

"झालं तेवढं."

मी लिहिलं. कधी सुरू केला, काय काय घालत होतो, किती मिली. डॉक्टर बाईंनी विचारलं तेव्हा मी बोललो नाही. कागद कधी मिळाला. मिक्सरची तार मी सोडवली. दंडावरचा डाग पाहिला होता. पान दोन्ही बाजूंनी भरलं. यापूर्वी फुटलेल्या नळ्यांच्या यादीपलीकडे मी काही लिहिलं नव्हतं. बाइंडरनी ते वाचलं, एका जागी थांबून म्हणाले, "मी गूळ खात होतो तेही घाला." मी समासात घातलं.

मग त्यांनी शिकंजा सैल करून शब्दकोश बाहेर काढला. सुई भोकातून आरपार घातली आणि टोक माझ्याकडे केलं. "ओढा. हळू. कागद कापेल." मी ओढला. "हळू म्हटलं ना!" दुसऱ्यांदा बरा जमला.

आता मी रोज नऊला जातो. ते सुई घालतात, मी दोरा ओढतो. शिलाई त्यांच्यासारखी होत नाही. गिऱ्हाईक ओळखतात, काही यायचे थांबले. शब्दकोश घ्यायला आलेल्या बाईंनी पाठ चाचपून विचारलं, "हात बदलला का?" बाइंडर म्हणाले, "हो," आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

अकरा वाजता वहिनी चहा घेऊन येतात. एक कप. तो बाइंडरसमोर ठेवतात आणि जातात. बाइंडर अर्धा चहा बशीत ओततात आणि बशी माझ्याकडे सरकवतात. वहिनी बशी न्यायला येतात तेव्हा ती ओली असते, हे त्यांना दिसतं. अजून त्यांनी दुसरा कप आणलेला नाही.